अंगणातला बास्केटबॉल स्टँड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या आमच्या रो-हाऊससमोर जेमतेम वीस फूट लांबीची फरशी आहे आणि तिथेच गेल्या दिवाळीत आम्ही चाकांचा, उंची कमी-जास्त करता येणारा बास्केटबॉल स्टँड उभा केला. रिंगची अधिकृत उंची ३.०५ मीटर असते. मिनी, म्हणजे लहान मुलांच्या, बास्केटबॉलमध्ये मात्र ती २.६० मीटर धरतात, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीसाठी खाली-वर होणारा खांब घेतला, ते योग्यच झाले. रिंगमागच्या फळ्यापासून ४.६ मीटरवर आखलेल्या फ्री-थ्रोच्या (कोणी न अडवता चेंडू टाकण्याच्या) रेषेवरून ती पाच नंबरच्या, म्हणजे मुलांच्या लहान आकाराच्या, चेंडूने नेम धरते आणि तिचे आजोबा खुर्चीत बसून गुण मोजतात, अर्थात नातीच्या बाजूने.

खरी तक्रार आहे ती तळाच्या टाकीबद्दल. टाकीत पाणी भरले की पुरे, असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते; परंतु मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच वाऱ्याने स्टँड तोंडघशी पडला आणि फळ्याचा कोपरा तडकला. सुदैवाने त्या वेळी अंगणात कोणी नव्हते. मग टाकी रिकामी करून तिच्यात कोरडी वाळू भरली, जी तेवढ्याच पाण्याच्या सुमारे दीडपट वजनाची असते, आणि तेव्हापासून स्टँड जागचा हललेला नाही. पावसाळ्यात बोल्टवर गंज धरू लागला आहे, तेव्हा शक्य असल्यास स्टेनलेस स्टीलचेच बोल्ट मागून घ्यावेत. चेंडूचा धपधप आवाज शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे जातो, म्हणून दुपारी दोन ते चार आम्ही खेळ बंद ठेवतो.