बिनसोल्युशनचे पॅच: आठ महिने, नऊ पंक्चरं

आठ महिन्यांपूर्वी सायकलच्या सीटखालच्या पिशवीत पंक्चर काढायच्या सहा चिकट पॅचची चपटी डबी टाकली. सोल्युशन म्हणजे पंक्चरचा गोंद लावायचा नाही, वाळायची वाट बघायची नाही, मागचा कागद काढून सरळ ट्यूबवर दाबायचं, असे हे पॅच. माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन २४ किलोमीटर, शिवाय सुट्टीच्या दिवशी एखादी लांबची फेरी. टायर ७०० बाय ३२ मापाचे, आत ब्यूटाइल रबराची साधी ट्यूब, हवेचा दाब ६० ते ७० पीएसआय. या काळात नऊ पंक्चरं झाली. दोन सकाळी घरीच लक्षात आली, सात रस्त्यात. त्या सातांपैकी पहिली पाच मी याच पॅचनी काढली.

पाचही वेळा घरी सायकल चालवतच आलो, ही त्यांची जमेची बाजू. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. दोन ट्यूबवरचे पॅच त्याच संध्याकाळी काढून मी सोल्युशनचे लावले. उरलेले तीन मुद्दाम तसेच ठेवून पाहिले. एक दुसऱ्याच दिवशी सुटला, सायकल दुपारभर उन्हात उभी होती. एक पाचव्या आठवड्यात कडेने उचलला गेला आणि हवा हळूहळू उतरू लागली. तिसरा पुढच्या चाकात अजून टिकून आहे. भोक अगदी बारीक होतं आणि ट्यूब मी मन लावून घासली होती, त्याचा तो गुण असावा.

कारण समजून घेतलं की यात नवल वाटत नाही. हे पॅच नुसत्या चिकटपणावर धरून राहतात. सोल्युशनमध्ये रबर विरघळवलेलं असतं आणि व्हल्कनायझिंग प्रकारात ते पॅचच्या खालच्या थराशी रासायनिकरीत्या जोडलं जातं. पॅच ट्यूबचाच भाग होतो आणि तिच्याबरोबर ताणला जातो. चिकट पॅच तेवढा ताणला जात नाही, म्हणून कडा सुटतात. त्यामुळे तो लावल्यावर ट्यूब बाहेरच फुगवून तपासू नका. टायरच्या आत घाला आणि मगच हवा भरा, म्हणजे टायर त्याला बाहेरून दाबून धरतो. लावण्याआधी ट्यूबवरची उभी शिवण दिसते ना, ती काचपेपरने पूर्ण सपाट होईपर्यंत घासा, नाहीतर हवा त्या रेषेच्या कडेनेच वाट काढते. चिकट बाजूला बोट लागू देऊ नका. पावसात ट्यूब खरोखर कोरडी करता आली नाही तर हा पॅच धरतच नाही.

सोल्युशनचीही एक अडचण आहे. एकदा फोडलेली सोल्युशनची नळी पिशवीत पडून वाळते आणि नेमकी गरजेच्या वेळी रिकामी निघते. चिकट पॅचची डबी निदान वाट तरी बघते. आणि सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबणारे फार. त्याची ओली चकाकी जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबायलाच हवं. रस्त्याच्या कडेला, गाड्या अंगावरून जात असताना, ती पाच मिनिटं फार मोठी वाटतात हे मला मान्य आहे.

पण खरा वेळ पॅच लावण्यात जातच नाही. तो जातो पंक्चर कशाने झालं ते शोधण्यात, आणि हे मला तिसऱ्या आणि चौथ्या पंक्चरने शिकवलं. दोन्ही एकाच सकाळी, चार किलोमीटरच्या अंतरात. पहिल्यांदा भोक सापडलं, पॅच लावला, टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही, निघालो. दुसऱ्यांदा ट्यूब काढून टायरवर धरली, व्हॉल्व्हला व्हॉल्व्हचं भोक जुळवून. दोन्ही भोकं व्हॉल्व्हपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर होती. तिथे टायर उलटा दुमडून पाहिला तर रबरात रुतलेली तार, जेमतेम तीन मिलिमीटरची. ट्रकचे टायर फाटले की त्यांच्यातल्या पोलादी तारांचे असे तुकडे रस्त्यावर पडतात. बाहेरून काहीच दिसत नव्हतं आणि सायकलवर बसून टायर दबला की तेवढं टोक आत येत होतं.

तेव्हापासून टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणतो, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरवरची जागा लगेच कळते. आतून नुसतं बोट न फिरवता कापड फिरवतो. धागा अडकतो तिथे काटा किंवा तार असते आणि बोटही कापत नाही. भोक कसं आहे तेही सांगतं. शेजारी-शेजारी दोन चिरा असल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी (आऱ्यांची टोकं झाकणारी) सरकली आहे का ते पाहा, टायर तपासण्यात वेळ घालवू नका. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पॅचचा उपयोग नाही.

काटा बाहेरून दिसतच असेल तर चाक काढूही नका. सायकल चेनच्या उलट बाजूवर आडवी टाका, त्या भागातली टायरची एक कड लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) उचला, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढा आणि पॅच लावा. मागच्या चाकाला हा फार मोठा दिलासा आहे. टायर परत चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत गेलात तर शेवटचा भाग बहुतेक वेळा हातानेच बसतो. लिव्हर घातली की ट्यूब चिमटून नवं पंक्चर व्हायची भीती.

हवेबद्दल थोडक्यात. माझ्या छोट्या पंपाला दोनशेच्या वर दट्टे मारावे लागतात. लवचीक नळीचा पंप घ्या. थेट व्हॉल्व्हवर बसणाऱ्या पंपाने झटके बसतात आणि प्रेस्टा (बारीक, लांबट) व्हॉल्व्हची पिन वाकते. माझी वाकली. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरणारी १६ ग्रॅमची सीओटू कॅप्सूल एकदा वापरली. काही सेकंदांत टायर कडक झाला, पण कॅप्सूल इतकी गार पडते की उघड्या हाताने धरवत नाही. दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागला, कारण हा वायू ब्यूटाइलमधून हवेपेक्षा लवकर निसटतो. घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरायची.

आता माझी पद्धत ठरली आहे. रस्त्यात सरळ ट्यूब बदलतो आणि फाटलेली घरी आणून निवांत सोल्युशनने पॅच करतो. सहावं आणि सातवं पंक्चर असंच निभावलं. डबीत उरलेला सहावा चिकट पॅच त्याच फेरीत दुसरं पंक्चर झालं तर. संपला की नवी डबी घेणार आहे, फक्त तेवढ्याच कामासाठी.

मात्र सुटी ट्यूब पिशवीत नुसती कोंबू नका. सहाव्या पंक्चरच्या वेळी बाहेर काढली तर पान्ह्याला घासून तिलाच भोक पडलं होतं, आणि त्यावर पॅच लावायला सोल्युशन वाळेपर्यंत मला पाच मिनिटं रस्त्यात थांबावं लागलं. आता ती जुन्या मोज्यात घालून ठेवतो. मागचं चाक काढताना तोच मोजा हातात चढवतो, म्हणजे चेनचं काळं हाताला लागत नाही.