हळदीच्या गावात हळदीनंच गंडवलं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी बावीस वर्षं दिवाणजी आहे. हळकुंड मोडलं की प्रत सांगतो. तरी मला फसवलं ते हळदीनंच. सांगायची लाज वाटते, पण ती मंडळी आता दुसऱ्या गावात हॉल घेऊन बसली असणार, म्हणून लिहितोय.

तोंडाला वास येतो हे आपलं आपल्याला कळत नाही आणि समोरचा सांगत नाही. हिशेब समजावताना शेतकरी मान वळवायला लागले, एका हमालानं न मागता बडीशेप पुढं केली, तेव्हा उमगलं. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "वर्ष झालं की." मग लवंग, वेलदोडा, दोन रंगांचे माऊथवॉश सगळं करून झालं. डॉक्टरांकडं जायचं मात्र सुचलं नाही. दात दुखत नव्हते ना.

अशातच स्टँडजवळच्या एका लॉजमधल्या मोफत मुखदुर्गंधी तपासणीचं पत्रक हातात पडलं. गेलो. पांढऱ्या कोटातल्या पोरानं आधी चिमूटभर पावडर हिरड्यांवर चोळायला लावली. जीभ चरचरली. मग त्यानं पिवळ्या कागदाची पट्टी जिभेवर ठेवली. काढली तर लाल! "बघा काका, पोटातलं विष तोंडात उतरलंय." नंतर बाटलीतल्या आंबट पाण्यानं चूळ भरायला लावून नवी पट्टी ठेवली, ती पिवळीच राहिली. वीसेक माणसं बघत होती. तीन महिन्यांचा कोर्स ५,४०० रुपये. मोबाईलवरून तिथंच भरले. पावती मागितली तर म्हणाला, "मेसेज आलाय की, तीच पावती."

पावडर लावली की वीस मिनिटं तोंड गार वाटायचं, मग पुन्हा तेच. महिन्याभरात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. फोन केला, तर उत्तर आलं, "चांगलं लक्षण आहे काका, विष बाहेर पडतंय." पैसे गेल्याचं सोडा, पण या एका वाक्यावर मी आणखी महिना काढला, त्याचा राग अजून जात नाही.

घरी तपासायला त्यांनी दहा पट्ट्या दिल्या होत्या. एके दुपारी आई पान लावत बसली होती. चुन्याच्या बोटानं तिनं टेबलावरची पट्टी उचलली आणि म्हणाली, "आरं, हे तर कुंकू झालं की!" बोट लागलं तिथं पट्टी लाल झाली होती. मी उठून पावडर ओली करून दुसऱ्या पट्टीवर लावली. लाल. वर लिंबू पिळलं. पिवळी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद होता तो. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, हे सांगलीच्या माणसाला कुणी शिकवायला लागतं का? माझ्या तोंडातलं विष म्हणजे त्यांचीच पावडर. आईच्या भाषेत सांगायचं तर चुना लागला.

मग मिरजेत दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. बाईंनी पोटाचं नावही काढलं नाही. वास बहुतेक वेळा तोंडातच तयार होतो म्हणाल्या, जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि हिरडीखालचं किटण, तिथले जंतू गंधकाचे वायू सोडतात. हिरड्या बघून त्यांनी रक्तातली साखर तपासायला लावली, ती वाढलेली निघाली. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, हे तेव्हा कळलं. दात साफ करून दिले. दात घासल्यावर रोज जीभ खरवडायची, आणि क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश दोन आठवडेच, तेही टूथपेस्टनंतर अर्ध्या तासानं. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. पाठीमागची एक दाढ तोवर हलायला लागली होती. ती वाचेल का, हे पुढच्या खेपेला सांगणार आहेत.

घरी येऊन पावडरीचा डबा नीट पाहिला. उत्पादन परवान्याचा नंबर नाही, बॅच नाही, मुदत नाही, पत्ताही नाही. नुसता कमळाचा फोटो. त्यांचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे परत मिळतील असं काही मी धरून चाललेलो नाही.

उरलेल्या पट्ट्या अडतीच्या ड्रॉवरात आहेत. कुणी हॉलमधल्या तपासणीचा विषय काढला की एक पट्टी काढतो आणि हमालाकडं चुन्याची डबी मागतो.