शिक्षक मतदारसंघाचं प्रचारपत्रक छापायचंय? इथे जा, पण प्रूफ स्वतः बघा (साडेतीन स्टार)

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, धुळ्यातलेच ओळखतील, फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुक, सगळं करणारं छोटं दुकान आहे. 2024 च्या जूनमध्ये आमच्या शाळेतले एक सर नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेला अपक्ष उभे होते, त्यांचं सगळं छपाईचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तेव्हाचा अनुभव आता लिहितोय कारण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मॅडमनी विचारलं की कुठे छापलं होतं.

आधी चांगलं सांगतो. पत्रक छापायला घेण्याआधीच दुकानाच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, एक फॉर्म पुढे केला, प्रकाशकाची सही आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, दोन प्रतीत. आम्हाला वाटलं उगाच नाटक, पण लोकप्रतिनिधी कायद्याच्या 127 अ कलमात हे खरंच आहे, निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतोच आणि हे घोषणापत्र पण. याआधी ज्या चकाचक ऑफिसवाल्याकडे रेट विचारायला गेलो होतो त्याच्या गावीही नव्हतं हे. रेटही बरा, ए-फाईव्ह, 130 जीएसएम आर्ट पेपर, दोन्ही बाजू रंगीत, 5,000 प्रती, साडेनऊ हजार.

आता गंमत ऐका. भाऊंचा सगळा जन्म ग्रामपंचायत आणि सोसायटीच्या निवडणुका छापण्यात गेलेला, त्यामुळे दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराने जुनीच फाईल उघडली, फोटो बदलला आणि पहिलं प्रूफ आलं त्यात खाली मोठ्ठ्या अक्षरात "समोरील बटण दाबून प्रचंड बहुमताने विजयी करा"!! अहो कुठलं बटण, शिक्षक मतदारसंघात मशीनच नसतं. कागदी मतपत्रिका, पसंतीक्रम आकड्यात लिहायचा आणि तोही आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच. मतपत्रिकेवर चिन्हसुद्धा नसतं, फोटो आणि नाव असतं. पोराने निशाणीसाठी रिकामी चौकट पण ठेवली होती, आणि नमुना मतपत्रिकेत सरांच्या नावापुढे बरोबरची खूण! तसं कोणी केलं असतं तर मत बाद. आकडा मराठीत चालतो, इंग्रजीत चालतो, रोमनही चालतो, पण "एक" असं अक्षरात लिहिलं तरी गेलं मत. हे सगळं त्या पोराला काउंटरवर उभं राहून शिकवलं, तास घेतल्यासारखं, आणि एक सांगतो, पोराने मन लावून ऐकलं, आमच्या दहावी ब पेक्षा बरं.

दुसऱ्या प्रूफात वेगळाच घोळ. मी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तो युनिकोडमधून त्यांच्या फॉन्टमध्ये घेताना वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या. "शिक्षक" चं "शक्षिक", विनाअनुदानितचं तर वाचवेना. मतदार सगळे माध्यमिक आणि वरचे शिक्षक, त्यात भाषेचे किती, असं पत्रक स्टाफरूममध्ये गेलं असतं तर लाल पेनने गोल करून परत आलं असतं. मग रात्री साडेअकरापर्यंत पोर आणि मी शेजारी बसून ओळ न् ओळ काढली, चहा भाऊंकडून. यासाठी अर्धा स्टार जास्त दिलाय.

वेळेचं मात्र मानलं पाहिजे. 12 जूनला माघारीची मुदत संपली, त्यानंतर मतपत्रिकेवरचा क्रमांक कळणार, 26 ला मतदान, मध्येच 15 ला शाळा उघडल्या आणि पाच जिल्हे फिरायचे, नंदुरबारपासून नगरपर्यंत. भाऊंनी दोन दिवसात गठ्ठे बांधून दिले, तालुकावार चिठ्ठ्या लावून.

एक स्टार कापलाय तो फ्लेक्सचा. "सर, चौकात वीस बाय दहा लावू, हवा होते" म्हणाले आणि आम्ही बावळट, लावला. चौकातल्या भाजीवाल्याला मत नाही, रिक्षावाल्याला नाही, आधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असून मतदार नोंदणीचा 19 नंबरचा फॉर्म भरलेला माणूसच मतदार, तो स्टाफरूममध्ये भेटतो. त्या पैशात अजून हजारभर पत्रकं आली असती. आणि भाऊ सारखे विचारायचे, "सगळे उमेदवार मास्तरच ना?" नाही हो. उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असं कायद्यात कुठेच नाही, त्यामुळे खऱ्या मास्तरला समोर संस्थाचालक आणि पैसेवाले झेलावे लागतात. खर्चालाही या निवडणुकीत मर्यादा नाही. सर पडले, 10 हजार डिपॉझिटही गेलं. पत्रकाचा दोष नाही त्यात, एकाही शाळेतून चूक दाखवणारा फोन आला नाही, मास्तर लोकांत हे मोठंच म्हणायचं.

तर मॅडम, जा बिनधास्त. मजकूर पेन ड्राइव्हवर न्या, प्रूफ कागदावर काढून घ्या, मोबाईलवर बघू नका. फ्लेक्सचा विषय निघाला की बिल द्या आणि निघा. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, मागच्या गल्लीत लावा.