जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट: चिकटवायचं की सुटं ठेवायचं?

महामार्गाचं काँक्रीट थकलं की सगळं उखडण्याआधी त्यावरच काँक्रीटचा नवा थर द्यावा, इथवर हल्ली फारसा वाद होत नाही. वाद पुढे आहे. नवा थर जुन्या स्लॅबला घट्ट धरून बसवायचा, म्हणजे बॉन्डेड करायचा, की मध्ये काहीतरी घालून मुद्दाम वेगळा ठेवायचा, म्हणजे अनबॉन्डेड? दोन्ही तऱ्हांच्या कामांवर मी उभा राहिलो आहे. आता कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं, पण आधी दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या.

कागदावर बॉन्डेड फार देखणं दिसतं. जुनं-नवं मिळून एकच जाड स्लॅब काम करतो, त्यामुळे ५० ते १५० मिलिमीटरच्या थरात भागतं. रस्त्याची लेव्हल फार चढत नाही. पुलाखालची उंची, क्रॅश बॅरियर, शोल्डर (रस्त्याच्या कडेची पट्टी), कडेचे रॅम्प यांना फारसा हात लावावा लागत नाही. अनबॉन्डेडमध्ये जड वाहतुकीसाठी १५० च्या खाली जायला माझं मन धजत नाही, आणि २५० च्या पुढे गेलेले थरही मी पाहिलेत. एवढी लेव्हल वाढली की शोल्डरची भर आणि रॅम्पची जुळवाजुळव हेच एक वेगळं काम होऊन बसतं. हे उणं मी लपवणार नाही.

बॉन्डेडची अट एकच, पण कडक: जुना स्लॅब धडधाकट हवा. शॉट ब्लास्टिंग करायचं, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या मारून पृष्ठभाग खरवडायचा, हवा मारून धूळ काढायची आणि पुन्हा धूळ बसायच्या आत काँक्रीट ओतायचं. नंतर त्यावरून साखळी ओढली की कुठे पकड सुटली ते कानाला कळतं. तिथे आवाज पोकळ येतो. तेही जमतं. माणसं काळजीने करतात.

मला नडले ते सांधे, म्हणजे काँक्रीटने वाटेल तिथे तडकू नये म्हणून स्लॅबमध्ये ठराविक अंतरावर मुद्दाम कापलेल्या रेषा.

नवा थर जुन्याला चिकटलेला, म्हणजे जुना सांधा ऊन-थंडीला जिथे हलणार तिथेच नव्यालाही हलावं लागणार. म्हणून नवा आडवा कट बरोबर जुन्या सांध्यावर हवा, आणि तोही थराच्या पूर्ण जाडीचा, शिवाय साधारण १२ मिलिमीटर जास्त खोल. आम्ही प्रत्येक सांध्याच्या रेषेत दोन्ही कडांना खिळे ठोकून ठेवले होते. पेव्हरच्या (काँक्रीट पसरवणाऱ्या यंत्राच्या) ट्रॅकखाली त्यातले काही वाकले, काही गाडले गेले. पहाटे दोन-अडीचला कटिंगवाला बॅटरी घेऊन खिळे शोधतोय आणि मी मागून दोरी धरून उभा, असं चाललं होतं. थांबायची सोय नाही, कारण उशीर झाला की काँक्रीट आपली भेग आपणच पाडतं. त्यात जुन्या रस्त्याला मधल्या काळात ठिगळं लागलेली. प्रत्येक ठिगळाला आपले दोन सांधे, आणि तेही वर उतरवायचे. जुना पृष्ठभाग वरखाली असल्याने थर कुठे ८० चा, कुठे ११० चा. एकाच खोलीला लावलेलं पातं जाड जागी अर्धवट राहतं.

काही ठिकाणी कट तीन बोटं सरकला. महिन्याभरात त्याच्या शेजारी, जुन्या सांध्याच्या बरोबर वर, भेग आली. कट आणि भेग यांच्यामधली अरुंद पट्टी ट्रकच्या चाकांनी कुटून निघाली. एवढी मेहनत घेऊन वर्षाच्या आत आम्ही पुन्हा ठिगळंच लावत होतो. माझ्या टीमचा हात कच्चा होता असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

अनबॉन्डेडमध्ये ही कटकटच नाही. मध्ये साधारण २५ मिलिमीटरचा डांबरी थर किंवा जाड नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे न विणलेलं नमद्यासारखं कृत्रिम कापड असतं. कापडाची पद्धत जर्मनीत रुळलेली; अमेरिकेत अशा कामाला ते २००८ मध्ये मिसूरीत पहिल्यांदा वापरलं गेलं. सांधे आपल्या सोयीने कापा. काही जण तर ते जुन्यापासून मीटरभर मुद्दाम सरकवतात, म्हणजे नव्या सांध्याखाली अखंड स्लॅब येतो. कटिंगवाल्याला खिळे शोधावे लागत नाहीत, आणि जुन्या भेगांची कुंडली मांडत बसावं लागत नाही. खड्डा आणि डुगडुगणारा स्लॅब तेवढा आधी नीट करावा लागतो.

त्रास आहेतच. उन्हात डांबरी थर इतका तापतो की पाणी मारून थंड केल्याशिवाय काँक्रीट ओतू नये. कापड ओलं हवं, पण त्यावर पाणी साचलेलं नको, आणि त्यावर डंपरने जागेवर चाक वळवलं की सुरकुती पडलीच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधल्या थरातलं पाणी बाहेर निघायला कडेला वाट हवी. एका ठिकाणी शोल्डरच्या भरावात कापडाची कड दाबली गेली होती. पावसानंतर ट्रक गेला की सांध्यातून गढूळ पाणी वर उडायचं. कड मोकळी केल्यावर थांबलं.

तुमचा जुना स्लॅब खरंच ठणठणीत असेल, ठिगळं मोजकी असतील आणि रात्रपाळीला हात बसलेला कटिंगवाला असेल, तर बॉन्डेडला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. असा रस्ता माझ्या वाट्याला अजून आलेला नाही. पुलाखाली उंचीची अडचण आली तेव्हा तेवढ्याच टप्प्यात आम्ही जुना स्लॅब काढला, खालपासून नवं काँक्रीट भरलं, दोन्ही टोकांना चढ हळूहळू सोडला आणि बाकी सगळीकडे थर सुटाच ठेवला.