जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जिल्ह्यातील जुन्या वृत्तपत्रांच्या ऑनलाइन संग्रहाची बाराशे रुपये वार्षिक वर्गणी मी भरली, ती क्रांतिसिंह नाना पाटील आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी त्या काळी स्थानिक पत्रांत काय छापून येत होते ते मुळातून वाचावे, या एकाच हेतूने. स्कॅन स्वच्छ आहेत आणि पाने चटकन उघडतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती शोधपानावरील 'जिल्हा' या चौकटीबद्दल. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यातले. हा तालुका आज सांगली जिल्ह्यात असला, तरी १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत तो साताऱ्यातच होता, आणि त्या जिल्ह्याला 'सांगली' हे नाव तर १९६० मध्ये मिळाले. असे असूनही १९४३ ते १९४६ च्या, म्हणजे नाना पाटलांनी ब्रिटिशांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या काळातल्या बातम्यांना इथे आजचा जिल्हा लावलेला आहे. प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते, त्याचाही पत्ता नाही. 'सातारा' निवडले की वाळव्याकडची पाने गायब होतात. हे लक्षात यायला मला तीन महिने लागले, आणि तोवर साताऱ्याच्या पत्रांनी या भागाकडे पाठ फिरवली होती, असे मी टिपणवहीत लिहूनही ठेवले होते. मेलेल्या संपादकांवर झालेला हा अन्याय मला फार लागला. पाच वेळा कळवले. पाचही वेळा 'तक्रार नोंदवली आहे' एवढेच उत्तर आले.

पाचव्या महिन्यात वर्गणी बंद करण्याचे ठरवले होते. त्याच आठवड्यात चौकट रिकामी सोडून नुसत्या गावाच्या नावाने शोध घेतला, आणि एका अंकाच्या शेवटच्या पानावर, औषधाच्या जाहिरातीला खेटून, मुष्टिफंडात, म्हणजे घरोघरी मूठ-मूठ बाजूला काढून दिलेल्या मदतीत, आलेल्या धान्याची पोच सापडली: गाव, पायली, शेर, बारीक टाइपात ओळीखाली ओळ. काले येथे १९१९ मध्ये सुरू झालेली भाऊरावांची रयत शिक्षण संस्था कोणाच्या मुठीतल्या धान्यावर उभी राहिली, हे इतक्या जवळून मला कोणत्याही चरित्रात दिसले नव्हते. त्या एका पानाने माझे बाराशे रुपये वसूल झाले.

अंकाच्या तारखेला जो जिल्हा होता तो दाखवणारी दुसरी चौकट दिली, तर पुढील वर्गणी मी त्याच दिवशी भरेन. तोपर्यंत नव्या वर्गणीदारांनी 'जिल्हा' रिकामा ठेवावा आणि गावाच्या नावानेच शोधावे.