आठव्या हेन्रीच्या दरबारातली आवक: ‘लेटर्स अँड पेपर्स’ काही महिने वापरल्यानंतर

‘लेटर्स अँड पेपर्स, फॉरेन अँड डोमेस्टिक, ऑफ द रेन ऑफ हेन्री द एट्थ’ असं भलंमोठं नाव असलेली ही मालिका म्हणजे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतल्या (1509 ते 1547) कागदपत्रांची तारीखवार सूची. 21 खंड, त्यातले बरेचसे भागांत विभागलेले. जे. एस. ब्रूअर यांनी 1862 मध्ये पहिला खंड काढला, पुढे जेम्स गेर्डनर आणि आर. एच. ब्रोडी यांनी 1910 पर्यंत काम तडीला नेलं, मग पुरवणीही आली. ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’ या संकेतस्थळावर ती वाचता येते. काही महिने मी ती रोज रात्री थोडी थोडी उघडतोय. ट्यूडर, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या, दरबारात वशिला कसा चालायचा हे बघायचं असेल तर याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही. तरी एक मोठी तक्रार आहे, ती पुढे येईलच.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इतका कागद टिकला तो कुणी प्रेमाने जपला म्हणून नव्हे, तर जप्तीमुळे. थॉमस क्रॉमवेल 1534 पासून राजाचा मुख्य सचिव होता आणि 1536 मध्ये लॉर्ड प्रिव्ही सील, म्हणजे राजाच्या खासगी मोहोरेचा अधिकारी, झाला. 10 जून 1540 ला त्याला अटक झाली आणि घरातले कागद राजाच्या ताब्यात गेले. त्याच्या तीनच आठवडे आधी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅलेचा लॉर्ड डेप्युटी (राजाचा तिथला प्रतिनिधी) आर्थर प्लँटॅजेनेट, म्हणजे लॉर्ड लाइल, लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेला होता. त्याचाही सगळा पत्रव्यवहार उचलला गेला. परिणाम असा की क्रॉमवेलला आलेली पत्रं ढिगाने सापडतात, त्याने पाठवलेली फार कमी. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं एकाच बाजूचं बोलणं ऐकावं, तसं वाचन होतं. अर्ज दिसतो, त्यावरचा शेरा दिसत नाही. बऱ्याचदा उत्तर काय गेलं ते त्याच अर्जदाराच्या पुढच्या, जास्तच काकुळतीला आलेल्या पत्रावरून ताडावं लागतं.

लाइल कुटुंबाचा कागद मात्र फारच भरगच्च, आणि माझे सर्वांत जास्त तास तिथेच गेले. लाइल कॅलेत, म्हणजे खाडीपलीकडे. दरबारात दिसत नाही तो माणूस लवकरच विस्मरणात जातो, म्हणून लंडनमध्ये त्याचा कारभारी जॉन हसी बसलेला. हसीची पत्रं वाचताना त्याच्या चपला झिजल्याचा आवाज येतो. कुणाला वाइन पोचवायची, कुणाकडे आज जाण्यात अर्थ नाही, कोणत्या कारकुनाचे पैसे द्यायचे राहिलेत, मालकाने पत्र लिहिताना कुणाचे आभार मानायला विसरू नये, सगळं त्यात आहे.

1537 च्या मे महिन्यात राणी जेन सीमोर गरोदर होती आणि तिला लाव्हे खायची इच्छा झाली. इंग्लंडात मिळेनात. राजाच्या सांगण्यावरून सर जॉन रसेलने लाइलला लिहिलं: धष्टपुष्ट लाव्हे पाठवा. लेडी लाइलला, म्हणजे ऑनरला, आपल्या आधीच्या लग्नाच्या मुलींपैकी एक राणीच्या सेवेत लावायची होतीच. कॅलेहून पक्षी जाऊ लागले. जुलैत हसी कळवतो की राणी जेवायला बसली असताना, पानात लाव्हे असताना, विषय निघाला आणि ठरलं: दोन्ही मुली पाठवा, त्यातली एक राणी ठेवून घेईल. ॲन बॅसेट निवडली गेली. लगेच पुढचा खर्च, कारण तिचे फ्रेंच वळणाचे कपडे राणीच्या दरबाराला चालेनात. 12 ऑक्टोबरला राजपुत्र एडवर्ड जन्मला आणि 24 ला राणी गेली. एवढी खटपट करून मिळालेली नोकरी जेमतेम काही आठवडे टिकली.

त्याच काळात लाइलची दुसरी खटपट चालू होती. वर्षाला 200 पौंडांहून कमी उत्पन्नाचे ख्रिस्ती मठ 1536 च्या कायद्याने बंद झाले, आणि त्यांच्या जमिनींवर सगळ्यांचेच डोळे होते. लाइलला अखेर 1537 मध्ये डेव्हनमधलं फ्रिथेलस्टॉक हे मठाचं ठिकाण मिळालं. राजाचा होकार म्हणजे काम झालं असं मात्र नव्हतं. राजाची सही, मग सिग्नेट (सचिवाकडची छोटी मोहोर), मग प्रिव्ही सील, मग चॅन्सरी या सरकारी कचेरीत ग्रेट सील (राज्याची मोठी मोहोर), आणि प्रत्येक टेबलावर फी. मधली टेबलं गाळून थेट जाणारे इतके झाले की सिग्नेट आणि प्रिव्ही सीलच्या कारकुनांची फी बुडू नये म्हणून 1536 मध्ये कायदाच करावा लागला!

इथे या मालिकेचं खरं बळ कळतं. प्रत्येक महिन्याच्या शेवटी ‘ग्रँट्स’ नावाचा विभाग येतो: कुणाला जमीन, कुणाला पद, कुणाला पेन्शन. प्रत्येक नोंदीखाली चॅन्सरीत कागद कधी पोचला ती तारीख आणि ‘पी.एस.’ किंवा ‘एस.बी.’ अशी खूण. पहिलीचा अर्थ कागद प्रिव्ही सीलमधून आला, दुसरीचा अर्थ राजाच्या सहीचा मसुदा थेट आला. सुरुवातीला हा भाग मी सरळ ओलांडून जायचो; आता आधी तोच उघडतो. वर विनवण्या, खाली निकाल.

आता तक्रार. या संपादकांनी पत्रं छापली नाहीत, बहुतेकांचा सारांश छापला. मुद्दा राहिला, आर्जव गेलं. ‘अमुक पदासाठी कृपा मागतो’ असं एका ओळीत येतं. मूळ पत्रात ती मागणी आधीच्या उपकारांची आठवण, भेटीचा उल्लेख, बायकोचा नमस्कार यांच्या आडून हळूच आलेली असते. वशिल्याचा सगळा जीव त्या आडवळणात असतो. सरदेसाईंनी छापलेल्या पेशवे दफ्तरात मूळ मराठी पत्रं समोर असतात. तशी सवय असलेल्याला हे फार टोचतं. लाइलच्या बाबतीत उपाय आहे: म्युरिएल सेंट क्लेअर बर्न यांनी 1981 मध्ये सहा खंडांत ती पत्रं सविस्तर काढली. बाकीच्यांसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या मूळ कागदांपर्यंत जावं लागतं, आणि तिथलं हस्ताक्षर वाचणं हे वेगळंच शिक्षण आहे.

तारखांवर आंधळा विश्वास ठेवू नका. पत्रांवर दिवस आणि महिना असतो, वर्ष बहुधा नसतं. ते संपादकांनी अंदाजाने लावलंय, आणि काही अंदाज चुकलेत. नावांची स्पेलिंगही पालटत राहते. क्रॉमवेल तर आधी सचिव, मग लॉर्ड प्रिव्ही सील म्हणून येतो, त्यामुळे नुसत्या आडनावाने शोधलं तर निम्मा हाती लागत नाही.

सुरुवात पहिल्या खंडापासून करू नका, तिथे 1513 च्या फ्रान्सवरच्या स्वारीची रसद मोजता मोजता उत्साह संपेल. खंड 12 चा दुसरा भाग घ्या, जून ते डिसेंबर 1537. नंतर एकदम शेवटच्या, 21 व्या खंडावर या. 1545 च्या सप्टेंबरपासून राजाची सही हाताने होण्याऐवजी कोरड्या ठशाने उमटवून वर शाई फिरवली जायची आणि विल्यम क्लार्क नावाचा कारकून त्याची महिनावार यादी ठेवायचा. त्या याद्या इथे छापल्या आहेत. हेन्रीच्या मृत्युपत्रावर तारीख आहे 30 डिसेंबर 1546 ची, पण ठशाच्या यादीत ते येतं जानेवारी 1547 मध्ये, शेवटून दुसरं. राजा वारला 28 जानेवारीला. मधल्या दिवसांत ठसा कुणाच्या हाती होता यावर इतिहासकार अजून भांडतात. भांडणाचा मूळ कागद फुकटात समोर आहे, स्वतः बघून घ्या.