एकच फेरी की नवख्यांची वेगळी?

पक्षी बघणाऱ्यांचा गट वाढला की हा प्रश्न येतोच. जुन्यांना नोंदी काटेकोर हव्या असतात, नव्यांचा दिवस दुर्बिणीत पहिला खंड्या सापडला तरी सार्थकी लागतो. मग सगळ्यांना एकत्र न्यावं, की नवख्यांची फेरी निराळी काढावी?

एकत्र फेरीचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. पुण्याजवळ कवडीला हिवाळ्यात नदीकाठी तुताऱ्या, म्हणजे पाणथळीतले छोटे पाहुणे पक्षी, उतरतात. समोरची हिरवी तुतारी की ठिपकेवाली, यावर जाणकार वीस मिनिटं खिळून राहतात. भुवईची पांढरी रेघ डोळ्यापाशीच थांबली तर हिरवी, डोळ्याच्या बरीच मागे गेली तर ठिपकेवाली. उडताना पंख खालून काळपट दिसले तर हिरवी, फिकट दिसले तर ठिपकेवाली. तोवर नवख्याच्या हातात मोबाईल आलेला असतो. पण त्याच काठावर कुणी हळूच म्हणतं, "तो मातकट दगड बघत राहा." दगड उडतो आणि पांढरेशुभ्र पंख उघडतात. वंचक बगळा! असा क्षण दाखवायला मुरलेला माणूस शेजारीच लागतो.

वेगळ्या फेरीत घाई नसते. पाषाण तलावासारख्या जवळच्या जागी सकाळभरात दहाच पक्षी बघितले तरी चालतात. वेड्या राघूची तारेवरून झेप, किडा पकडून पुन्हा त्याच तारेवर येणं हे पाच वेळा बघता येतं, आणि "हा कोण?" असं सहाव्यांदा विचारायला संकोच वाटत नाही. तोटा एवढाच, की ही फेरी बहुतेकदा गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाच्या गळ्यात पडते. ते मला अजिबात पटत नाही. नवख्यांसमोर सर्वांत जाणता माणूस हवा, कारण सोपं करून सांगणं त्यालाच जमतं.

माझं मत विचाराल तर पंधराच्या आत माणसं असतील तर एकत्रच जा, मात्र प्रत्येक नवख्याला एक जुना सोबती द्या. तुताऱ्यांचा खल शेवटच्या तासाला ठेवा, ज्यांना थांबायचंय ते थांबतील. गर्दी त्याहून जास्त असेल तर महिन्यातली एक फेरी नवख्यांची करा आणि तीन-चार फेऱ्यांनंतर त्यांना मोठ्या गटात आणा. नाहीतर ते कायमचे नवखेच राहतात.

शिस्त मात्र दोन्हीकडे एकच. घरट्याजवळ जायचं नाही, घुबडाची ढोली कुठे आहे ते पसरवायचं नाही, मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. हे दटावून नको, कारणासकट सांगा. तो आवाज ऐकून नराला हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखं वाटतं आणि तो चारा-पाणी सोडून त्याला शोधत फिरतो. एवढं कळलं की नवखे स्वतःच मोबाईल खिशात ठेवतात.

सुरुवात करायची असेल तर 5 ते 12 नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह गाठा. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा. तोवर तुताऱ्याही आलेल्या असतात.